इंग्रजी वाक्यातलं कर्म कसं ओळखायचं

आधी क्रियापद शोधा, कर्म नंतर. ‘रवी गेव्ह मीना अ पेन’ या वाक्यात क्रियापद आहे ‘गेव्ह’. त्यालाच विचारा: काय दिलं? ‘अ पेन’. हे प्रत्यक्ष कर्म. कोणाला दिलं? ‘मीना’. हे अप्रत्यक्ष कर्म, आणि दोन्ही लागून आली की ते आधी येतं. क्रम उलटला की मध्ये ‘टू’ घालावं लागतं: ‘रवी गेव्ह अ पेन टू मीना’.

‘काय?’चं उत्तर मिळालं म्हणजे कर्म सापडलंच, असं मात्र धरू नका. खरी गफलत इथेच होते. ‘शी बिकेम अ डॉक्टर’मध्ये ‘शी’ आणि ‘डॉक्टर’ एकच व्यक्ती आहे, म्हणून ‘डॉक्टर’ हे पूरक. ‘ही स्लेप्ट टू अवर्स’मधले ‘टू अवर्स’ नुसता कालावधी सांगतात. शंका आली तर प्रयोग बदलून, म्हणजे कर्माला कर्त्याच्या जागी आणून पाहा. ‘अ पेन वॉज गिव्हन टू मीना’ चालतं. ‘अ डॉक्टर वॉज बिकम बाय हर’ अजिबात चालत नाही. ‘हॅव’सारखी थोडी क्रियापदं मात्र या कसोटीला अपवाद आहेत: ‘आय हॅव अ कार’मध्ये ‘कार’ कर्मच आहे, तरी प्रयोग बदलत नाही.

मराठी वाक्यावरून कर्म ठरवू नका. ‘मला चहा आवडतो’मध्ये क्रियापद चहाप्रमाणे चालतं, ‘आय लाइक टी’मध्ये मात्र ‘आय’ कर्ता आणि ‘टी’ कर्म. माणसाचं नाव असेल तर सर्वनाम घालून बघा: ‘आय लाइक रवी’मध्ये ‘हिम’ बसतं, ‘ही’ नाही.