स्विचबोर्डची प्लेट आणायला जाण्याआधी

नवी प्लेट घरी आणली आणि भिंतीतल्या डब्यावर बसलीच नाही, हा घोळ टाळायचा तर निघण्याआधी पाच मिनिटं द्या.

१. बटणं नव्हे, मॉड्यूल मोजा, म्हणजे प्लेटवर किती जागा लागते ते माप. साधं बटण एक मॉड्यूल, सॉकेट बहुतेक वेळा दोन. पंख्याचा रेग्युलेटर एकाचाही येतो, दोनाचाही. तो मोजताना हमखास चूक होते. म्हणजे चार बटणं आणि एक सॉकेट असेल तर प्लेट सहाची.

२. जुन्या प्लेटचा समोरून आणि मागून फोटो काढा. कंपनीचं नाव बहुधा मागेच असतं. एका कंपनीची बटणं दुसरीच्या चौकटीत सहसा बसत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो.

३. आठ मॉड्यूलची प्लेट आडवीही मिळते आणि चौकोनीही. भिंतीतला डबा कोणता आहे ते बघूनच घ्या.

जागा उरली तर तिथे डमी, म्हणजे नुसतं झाकण, लावा, भोक उघडं ठेवू नका. रंग पांढराच बरा. नंतर एखादं बटण बदललं तरी जोड मिळतो. चकचकीत काळ्यावर बोटांचे ठसे दिवसभर दिसत राहतात.

प्लेट उघडण्याआधी मेन स्विच बंद करा आणि टेस्टरने तपासा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आतल्या तारेत करंट असतोच.