सर्चमध्ये नको तो रिझल्ट वर येतोय? आधी एक्स्प्लेन बघा, मग बूस्ट

समजा नाशिकमधल्या एखाद्या कृषी सेवा केंद्राची साइट आहे, माल आणि लेख दोन्ही इलॅस्टिकसर्चमध्ये (सर्च चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेत. दिंडोरीचा बागायतदार "भुरी औषध" टाकतो (भुरी म्हणजे बुरशीचा रोग) आणि त्यावरचं सल्फर 80 टक्के यायच्या ऐवजी वर येतं गाईच्या पोटफुगीचं औषध. मग बहुतेक जण काय करतात तर टायटलला बूस्ट 10 लावून (म्हणजे टायटलमधल्या शब्दाचे मार्क दहापट करून) मोकळे होतात, त्याने हा एक सर्च सुधारतो आणि बाकीचे चार बिघडतात.

आधी वीसेक खरे सर्च लॉगमधून काढा, शेतकरी जसं टाइप करतात तसेच, चुकांसकट. प्रत्येकापुढे वर काय यायला हवं ते लिहा, आणि हे दुकानात काउंटरवर बसणाऱ्याकडून लिहून घ्या, डेव्हलपरकडून नको. पुढे प्रत्येक बदलानंतर ही सगळी यादी परत चालवायची.

मग क्वेरीत (सर्चच्या विनंतीत) एक्स्प्लेन ट्रू करा. वाचायला किचकट आहे पण कोणत्या शब्दाला किती मार्क पडले ते सगळं त्यात असतं. आपल्या उदाहरणात घोळ असा, की बुरशीच्या मालावर सगळीकडे "बुरशीनाशक" लिहिलंय, "औषध" हा शब्द मोजक्याच ठिकाणी आहे (त्यात गाईचं औषध), आणि बीएम25 मध्ये (मार्क द्यायचं सूत्र) शब्द जितका दुर्मिळ तितकं त्याचं वजन जास्त, म्हणून "औषध" ने "भुरी"ला मागे टाकलं. इथे बूस्टचा काही संबंधच नाही! "औषध" सर्चच्या वेळच्या स्टॉपवर्डमध्ये (सर्च करताना सोडून द्यायचे शब्द) टाका, काम झालं.

तसंच सिनोनिम, म्हणजे एकाच अर्थाचे शब्द. कुणी डावणी लिहितो, कुणी डाऊनी, कुणी केवडा, द्राक्षवाल्यांसाठी सगळं एकच (मक्याचा माल पण विकत असाल तर केवडा जरा जपून). हे सर्चच्या बाजूला लावा, म्हणजे यादी बदलली की सगळा डेटा परत इंडेक्स करत (नव्याने भरत) बसायला नको.

एवढं झाल्यावर बूस्ट. टायटल 3, पीक आणि रोग 2, वर्णन 1 इथून सुरू करा, माझ्या मते याच्या फार वर जायची गरज पडत नाही. मल्टी मॅच (एकच सर्च अनेक फील्डमध्ये) वापरत असाल तर टाय ब्रेकर (बाकीच्या फील्डच्या मार्कांचा किती हिस्सा धरायचा) 0.3 ठेवून बघा, नाहीतर सगळ्यात जास्त मार्क मिळवणारं एकच फील्ड धरलं जातं, बाकीच्यांचे मार्क वाया.

बीएम25 च्या के1 आणि बी ला शेवटी हात लावा. डिफॉल्ट 1.2 आणि 0.75 असतात. के1 म्हणजे शब्द पुन्हा पुन्हा आला तर मार्क कुठपर्यंत वाढू द्यायचे, बी म्हणजे लांब मजकुराला किती दंड. लांब लेख विनाकारण खाली जात असतील तर वर्णनाच्या फील्डचा बी 0.4 वगैरे करून बघा.

विक्रीचा आकडा मिसळायचा असेल तर सरळ गुणू नका, लॉग1पी (आकड्यात 1 मिळवून त्याचा लॉगॅरिदम) लावा, नाहीतर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत धडाधड खपलेला माल वर्षभर प्रत्येक सर्चमध्ये पहिला येऊन बसेल.

अजून एक, डॉक्युमेंट हजार-दोन हजारच असतील तर शार्ड (इंडेक्सचा तुकडा) एकच ठेवा. प्रत्येक शार्ड शब्दाची दुर्मिळता आपापली मोजतो, त्यामुळे थोड्या डेटात सारख्याच मालाला वेगवेगळे मार्क पडतात आणि कारण शोधता शोधता आपण वेडे होतो.