अल्पमुदतीच्या प्रशिक्षणासाठी राज्याचे अनुदान

अमेरिकेत वेल्डिंग किंवा अवजड वाहन चालवण्यासारखे काही आठवड्यांचे प्रशिक्षण घ्यायचे असेल, तर राज्याच्या अनुदानाची चौकशी अवश्य करावी. कारण केंद्र सरकारच्या पेल अनुदानासाठी (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची मदत) अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे किमान १५ आठवडे आणि ६०० तासांचा असण्याची अट होती. १ जुलै २०२६ पासून किमान ८ आठवड्यांच्या, १५० ते ५९९ तासांच्या अभ्यासक्रमांनाही पेल लागू करण्याची तरतूद झाली आहे, परंतु त्यासाठी राज्याच्या गव्हर्नरची मान्यता लागते.

उदाहरणार्थ, व्हर्जिनिया राज्यातील पद्धत नीट समजून घ्यावी. २०१६ साली सुरू झालेल्या तेथील अनुदानात विद्यार्थी शुल्काचा एक तृतीयांश भाग आधी भरतो, अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर दुसरा आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर तिसरा भाग राज्य देते. मात्र अभ्यासक्रम अर्धवट सोडल्यास दुसरा भागही विद्यार्थ्यावरच पडतो. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्यासाठी, माझ्या मते, अनुदानाच्या रकमेपेक्षा ही अट अधिक महत्त्वाची आहे. म्हणूनच अर्जावर सही करण्यापूर्वी उपस्थितीचे नियम, आजारपणात मिळणारी सवलत आणि परीक्षा शुल्क अनुदानात धरले आहे की नाही, हे कॉलेजकडून लेखी घ्यावे.