हॉट टबचं पाणी नितळ ठेवायचं तर

गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं, म्हणून हॉट टबला स्विमिंग पूलचा हिशेब लावू नका. दर वेळी उतरण्याआधी टेस्ट स्ट्रिप बुडवा: पीएच 7.2 ते 7.8, क्लोरीन किमान 3 पीपीएम (म्हणजे लिटरमागे 3 मिलिग्रॅम). आधी पीएच सावरा; तो 8 वर गेला की क्लोरीनची ताकद निम्म्याहूनही कमी होते. 1,000 लिटर पाण्यात 3 पीपीएम वाढवायला 56 टक्क्यांचं डायक्लोर (पाण्यात क्लोरीन सोडणारी पावडर) साधारण साडेपाच ग्रॅम लागतं. जेट चालू आणि झाकण उघडं ठेवून टाका. पीएच उतरवायची आम्लाची पावडर डायक्लोरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

पाणी दुधाळ दिसलं की फिल्टर काढा. घड्यांवर बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, तो अंगावरच्या तेलाचा थर. दर आठवड्याला पाइपच्या धारेनं एकेक घडी धुवा, महिन्यातून एकदा फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा. फेस येतो तो साबण आणि कपड्यांतल्या डिटर्जंटमुळे. त्यावर औषध ओतण्यापेक्षा अंग खळखळून धुऊन उतरलेलं केव्हाही बरं. बोअरचं जड पाणी भरलंत तर हीटरवर पांढरे क्षार बसणारच.

तीन महिन्यांनी टब रिकामा कराच. डायक्लोरमधून सायन्युरिक आम्ल साठत जातं, ते क्लोरीनला धरून ठेवतं, आणि स्ट्रिपवर क्लोरीन पुरेसं दिसत असूनही जंतू मरायला वेळ लागतो.