ड्रॉप टॉवरमधला ‘रँडम’: राइड कंट्रोलमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

पीएलसीचा (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचा) कोर्स झालाय, लॅडर (त्याची आकृतीसारखी प्रोग्रामिंग भाषा) जमतं, ड्राइव्हचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचे) पॅरामीटर सेट करता येतात आणि आता थीम पार्कच्या कामात शिरायचंय, असं धरून लिहितोय. अभ्यासाला दहा राइड घेऊ नका, एकच घ्या: फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमधला टॉवर ऑफ टेरर. वीज पडून ओस पडलेलं हॉटेल, त्यातली भुतं आणि बिघडलेली लिफ्ट. जुलै १९९४ मध्ये तो सुरू झाला तेव्हा घसरण एकच, ठरलेली होती. पुढे दोनदा क्रम बदलला आणि २००३ पासून कोणत्या फेरीत काय होणार हे आधी कळेनासं झालं.

लिफ्ट ‘पडते’ हे आधी डोक्यातून काढा. ती खाली खेचली जाते. पडण्याचं अंतर १३० फूट, म्हणजे जवळपास ४० मीटर. एवढ्या उंचीवरून नुसती सोडली तर तळाशी वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत जाईल. प्रत्यक्षात कमाल वेग ताशी ३९ मैल, म्हणजे ६३ किलोमीटर. गुरुत्वाकर्षणाने तो गाठायला जवळपास साडेपंधरा मीटर लागले असते. केबल त्याहून जोरात ओढते, म्हणून त्याआधीच गाठला जातो. त्यानंतर वेग स्थिर राहिला की माणसाला आपलं वजन नेहमीसारखंच वाटतं. पोटात गोळा येतो तो फक्त वेग बदलताना. म्हणून एका लांब घसरणीपेक्षा तीन आखूड घसरणी जास्त घाबरवतात, आणि वर जाता जाता झटकन थांबवलं तर लोक पट्ट्यात उचलले जातात. वैविध्य आणायला जागा आहे ती इथेच: किती वेळा दिशा बदलायची, अंधारात किती सेकंद लटकवायचं, वरचे दरवाजे केव्हा उघडून उंची दाखवायची. गणित बारावीचंच आहे, घाबरू नका.

आता सापळा. ‘रँडम’ म्हटलं की नवा माणूस रँडम आकडा काढून तो थेट उंचीला किंवा वेगाला लावतो. हे करू नका. कधीच नाही. यंत्र स्वतःच्या मनाने हालचाल रचत नाही. चाचणी होऊन कुलूपबंद झालेली प्रोफाइल, म्हणजे एका फेरीच्या हालचालींचे ठरलेले क्रम, असतात, आणि रँडम फक्त त्यातलं एक निवडतो. कॅलिफोर्नियातला असाच टॉवर २०१७ मध्ये नव्या रूपात आला, तिथे सहा गाणी आणि त्यांच्याबरोबर सहा प्रोफाइल आहेत. प्रत्येक प्रोफाइल रिकामी कॅब (लोक बसतात तो लिफ्टचा डबा), पूर्ण भरलेली कॅब आणि एका बाजूला भार, अशा तिन्ही स्थितींत तपासायचं असतं. चालत्या कॅबमध्ये आकडा बदलला तर तपासलेलं सगळं पाण्यात.

इतकं बहुतेकांना पटतं. घोडं पेंड खातं ते निवडीच्या पद्धतीवर. निव्वळ फासा टाकला तर सहाही प्रकार अनुभवायला सरासरी १४.७ फेऱ्या लागतात, आणि लागोपाठ तेच येण्याची शक्यता दर वेळी सहात एक. प्रेक्षक म्हणतो, काही बदलत नाही. मग हुशार मंडळी १-२-३-४-५-६ अशी पाळी लावतात. फ्लोरिडासारखे दोन ड्रॉप शाफ्ट (कॅब खाली येते त्या उभ्या विहिरी) असतील आणि कॅब आलटून-पालटून सुटत असतील, तर पहिल्या शाफ्टला कायम १, ३, ५ आणि दुसऱ्याला २, ४, ६! कागदावर समान वाटप, पण डावीकडच्या रांगेतल्या माणसाला अर्धी राइड कधी दिसतच नाही. हे टेस्ट बेंचवर कळत नाही, कारण बेंचवर शाफ्ट एकच असतो. उपाय साधा: प्रत्येक शाफ्टला स्वतंत्र पिशवी. सहा चिठ्ठ्या, पिसून एकेक काढायची, संपल्या की पुन्हा पिसायच्या. जुन्या पिशवीतली शेवटची आणि नव्यातली पहिली एकच निघाली तर पुन्हा पिसा. ही एक ओळ विसरलात तर ऑपरेटरच्या तक्रारी सुरू झाल्याच म्हणून समजा.

चिठ्ठी केव्हा काढायची? कॅब शाफ्टमध्ये लॉक झाल्यावर, हालण्याआधी. आकडा रजिस्टरमध्ये (पीएलसीच्या मेमरीत) लिहा, शो कंट्रोलला (प्रकाश-आवाज चालवणाऱ्या यंत्रणेला) पाठवा आणि त्याच्याकडून तोच आकडा परत आला तरच स्टार्टची परवानगी द्या. दोन सेकंदांत जुळला नाही तर आधीच ठरवलेलं साधं प्रोफाइल आणि साधा आवाज. सेफ्टी पीएलसीला (फक्त सुरक्षिततेवर नजर ठेवणाऱ्या वेगळ्या पीएलसीला) यातलं काही कळायची गरज नाही; त्याने वेग, स्थान, लॉक एवढंच बघावं.

प्रकाश-आवाजाचे क्यू (सुरू होण्याचे इशारे) टायमरवर बांधू नका, एन्कोडरच्या (कॅब नेमकी कुठे आहे ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) स्थानावर बांधा. लटकण्याचा वेळ एका प्रोफाइलमध्ये अडीच सेकंद, दुसऱ्यात चार, म्हणजे घड्याळ तिथेच चुकलं. पूर्ण वेगात ०.२ सेकंदाची चूक म्हणजे साडेतीन मीटर, एका मजल्याहून जास्त. केबल तुटल्याचा आवाज पडून झाल्यावर आला तर लोक हसतात.

प्रोफाइलची लांबीही सारखी ठेवा. समजा शाफ्टचं चक्र ९० सेकंदांचं आहे, म्हणजे तासाला ४० फेऱ्या. एक भारी कल्पना १५ सेकंद वाढवते आणि सगळीकडे लागू झाली तर फेऱ्या ३४ वर येतात. क्रिएटिव्हवाले भांडतील, भांडू द्या.

शिकायचं कुणाकडे? माझं मत ठाम आहे: व्हिडिओतल्या सिम्युलेशनवाल्यापेक्षा वीस वर्षं लिफ्टचे ब्रेक लावलेला मेकॅनिक बरा. या टॉवरची लिफ्टसुद्धा ओटिससारख्या लिफ्ट कंपनीनेच केली. कुणाचा तयार प्रोजेक्ट उचलून नावं बदलणारे पहिल्याच ट्रिपला (सुरक्षा यंत्रणेने राइड बंद पाडली की) उघडे पडतात. एएसटीएम एफ२२९१, म्हणजे राइडच्या डिझाइनचं मानक, वाचा, कंटाळवाणं आहे तरी वाचा. इंग्रजी अडतं म्हणून थांबू नका, आकृत्या आणि तक्ते आधी घ्या.

सरावाला घरी दोन स्टेपर मोटर (ठरावीक पावलांत फिरणाऱ्या), दोन एन्कोडर आणि एक छोटा पीएलसी पुरतो. दोन, एक नव्हे. कारण वर सांगितलंच. हजार फेऱ्या चालवा, शाफ्ट, प्रोफाइल आणि वेळ असे तीन रकाने लॉग करा आणि आधी शाफ्टनुसार मोजा.