फॉर्मिंग सिम्युलेशन शिकताय? आधी टूलचा मेश बघा

शीट मेटल फॉर्मिंगच्या सिम्युलेशनमध्ये नवीन आलेली मुलं ब्लँकच्या (दाबायच्या सपाट पत्र्याच्या) मेशवर, म्हणजे त्याचे छोटे तुकडे, एलिमेंट, पाडण्यावर जीव टाकतात, मटेरियल कार्ड (मटेरियलच्या गुणधर्मांचे आकडे) दहा वेळा तपासतात आणि डाय-पंचला, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या टूलला, मात्र ऑटोमेश मारून मोकळी होतात. मीही तेच करायचो, म्हणून हे लिहितोय.

चाकणला नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. 0.8 मिमी पत्र्याचा ब्रॅकेट, डायचा एंट्री रेडियस (पत्रा आत वळतो त्या गोल कडेचा) 6 मिमी. रन लवकर संपावा म्हणून टूलचा मेश जाडाभरडा ठेवला. रिझल्टमध्ये भिंतीवर स्ट्रेसचे आडवे पट्टे, स्प्रिंगबॅक (टूल काढल्यावर पत्रा जेवढा परत उसळतो तो) तर ट्रायआऊटच्या, म्हणजे खऱ्या टूलवर चाचणीला काढलेल्या, पार्टशी अजिबात जुळेना. दोन दिवस मी फ्रिक्शन बदलत बसलो. शेवटी टूलरूममधल्या एका काकांनी मागून स्क्रीन बघितली आणि विचारलं, "अरे, हा रेडियस आहे का जिना?"

मग हिशोब केला. 90 अंशाच्या रेडियसवर माझे फक्त 3 एलिमेंट होते, म्हणजे खरा कंस आणि सपाट तुकडा यांच्यात 0.2 मिमीचं अंतर, पत्र्याच्या जाडीचा चौथा भाग! तिथेच 10 एलिमेंट टाकले की अंतर 0.02 च्या खाली येतं. नुसता आकार चुकतो असंही नाही, पत्र्याचा नोड (एलिमेंटचा कोपरा) टूलच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकताना नॉर्मल (पृष्ठभागाला काटकोनात असलेली दिशा) एकदम 30 अंशाने फिरतो, कॉन्टॅक्ट फोर्सला झटका बसतो, तो झटका स्ट्रेसमध्ये उतरतो आणि टूल काढल्यावर स्प्रिंगबॅक त्याच स्ट्रेसवर ठरतो.

आणि वेळेची भीती बाळगू नका. टूल रिजिड (न वाकणारं) धरलेलं असतं, एक्स्प्लिसिट रनमध्ये (वेळेच्या छोट्या पावलांनी पुढे जाणाऱ्या गणनेत) टाइम स्टेप, म्हणजे त्या पावलाचा आकार, ब्लँकचं सगळ्यात छोटं एलिमेंट ठरवतं, टूलचं नाही. कॉन्टॅक्ट शोधायला थोडा जास्त वेळ जातो तेवढंच. सपाट भागात एलिमेंट खुशाल मोठे ठेवा, तिथे दोन त्रिकोणही पुरतात.

पण टूलचा मेश बारीक आणि ब्लँकचा जाडाभरडा असंही चालत नाही हां. 6 मिमी रेडियसचा कंस साधारण 9.4 मिमी लांब, ब्लँकचे एलिमेंट 3 मिमीचे असतील तर वळणावर तीनच बसतात आणि पत्रा रेडियसला धरून वळतच नाही. मी तिथे दीड मिमीपर्यंत उतरतो. काही कोडमध्ये सपाट तुकड्यांऐवजी वक्र पॅच वापरतात, 2005 मध्ये नागाता यांनी फक्त कोपऱ्यांवरचे बिंदू आणि नॉर्मल घेऊन असा पॅच काढायची सोपी पद्धत दिली, ती जरूर वाचा.

बाकी, सगळे नॉर्मल एकाच बाजूला आहेत ना ते बघा, आणि कॅडवाल्याला विचारा की दिलेला सरफेस पत्र्याच्या आतल्या बाजूचा का बाहेरच्या, कारण इथे चुकलात तर पार्टची प्रत्येक भिंत एका जाडीने सरकते.

रन लावायच्या आधी मी आता रेडियसमधून एक सेक्शन कापतो, कॅडची रेघ आणि मेशची रेघ एकावर एक टाकतो, 0.05 मिमीच्या वर फरक दिसला की परत मेश करतो.