कोकेनच्या व्यसनावरील औषध-चाचणीत नाव नोंदवण्यापूर्वी

घरातील व्यसनग्रस्त व्यक्तीला पुण्यातील एखाद्या रुग्णालयाने कोकेनवरील औषधाच्या चाचणीविषयी विचारले, तर कुटुंबीयांनी आधी हे लक्षात घ्यावे की, दारूसाठी किंवा अफूजन्य पदार्थांसाठी मान्यताप्राप्त औषधे आहेत, तसे कोकेनसाठी अद्याप एकही नाही. डायसल्फिराम, टोपिरामेट, मोडाफिनिल यांच्या चाचण्या परदेशांत झाल्या, मात्र त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत. त्यामुळे खात्रीने बरे करण्याची हमी कोणी दिली, तर तेथेच सावध व्हावे.

चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या देशातील औषध-चाचण्यांच्या नोंदवहीत आहे का, ते इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. चाचणीत रुग्णाचे हित जपले जाते का, हे पाहणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, तेही विचारावे. संमतीपत्र मराठीत मागून घरी न्यावे, शांतपणे वाचावे आणि नशेत किंवा नशा उतरल्यानंतरच्या अस्वस्थतेत रुग्णाची सही मुळीच घेऊ देऊ नये. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद औषध-चाचण्यांविषयीच्या 2019 च्या नियमांत आहे. तिचा उल्लेख संमतीपत्रात शोधावा.

यानंतरचा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे : औषधाचा गुण आला, हे ठरवणार कशावरून? केवळ रुग्णाच्या सांगण्यावर विसंबता येत नाही, कारण स्लिप झाल्याची, म्हणजे मध्येच पुन्हा नशा केल्याची, लाज त्याला खरे बोलू देत नाही, आणि त्यात त्याचा दोष मानू नये. कोकेन शरीरात गेल्यावर तयार होणारे बेंझॉइलएक्गोनिन लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडते. म्हणून आठवड्यातून एकदाच नमुना घेतल्यास मधले सेवन निसटू शकते, तर तीनदा घेतल्यास ते बहुधा कळते. हुकलेला नमुना कसा मोजणार, हेही विचारावे. अशा चाचण्यांतून अनेक जण अर्ध्यावर बाहेर पडतात, आणि टिकून राहिलेल्यांचाच हिशेब मांडला, तर निष्फळ औषधही गुणकारी दिसू लागते.

चाचणीत एका गटाला औषध आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, देतात; त्यामुळे रुग्णाला औषधाऐवजी प्लासिबो मिळण्याची शक्यता असते आणि ते त्याला किंवा डॉक्टरांना ठाऊक नसते. म्हणूनच समुपदेशन दोन्ही गटांना मिळायला हवे. येरवड्यातील मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात ते आधीपासून चालू असेल, तर चाचणीच्या डॉक्टरांना तसे सांगून पुढे चालू ठेवावे.

हृदयाची तपासणी आणि इतर औषधांची यादी सुरुवातीलाच द्यावी. औषध डायसल्फिराम असेल, तर दारूचा थेंबही धोक्याचा ठरतो, आणि कोकेन घेणारे पुष्कळ जण दारूही पितात, याचा डॉक्टरांशी मोकळेपणाने उल्लेख करावा. सहभागी असल्याचे कार्ड आणि चोवीस तास लागणारा फोन क्रमांक रुग्णाच्या खिशात असावा. छातीत दुखू लागल्यास ससूनच्या किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन ते कार्ड दाखवावे. गरज पडल्यास रुग्ण कोणत्या गटात आहे, ते तेथील डॉक्टरांना त्या क्रमांकावरून कळू शकते. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला आहे आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.